बेरिंगावरचा हात

महाराष्ट्र होऊन पाचेक वर्षं झाली असतीन. देऊळगाव राजाच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी मशिनीत कापूस टाकायले होती आन् आमचे मालक, म्हंजे माहा नवरा, तेलवाले. मशिनींचे तेवीस बेरिंगं. जेवनाच्या सुट्टीत मशिनी थांबल्या का हरेकाच्या भोकात तेल सोडायचं, वरून तळहात ठेवून पाहायचं, गरम लागलं तर मिस्त्रीले सांगायचं. रुईचा भुगा चोहीकडं. एक ठिनगी पडली का आम्ही वीस बाया आतच! सारा भरवसा त्या एका हातावर.

त्या दिवाळीत मालकानं चुलीवरचा उकळत्या पान्याचा गंज उघड्या हातानं उतरवला. म्हनलं, "हात पोळला नाई का?" तर म्हनतात, "कामाचा हात हाये बाई." खोटारडे कुठले! हाताले गरम-थंड कळत नव्हतं आन् सांगायची हिंमत नव्हती. सांगतलं का काम गेलं, मंग या वयात कोन ठेवनार?

मंग मीच सुरू केलं. ते तेल देऊन पुढं सरकले का मी मागून जाऊन हात लावायची. तेवीसच्या तेवीस. बाकीच्या बाया आरामात भाकर खायच्या, मी उभ्यानं दोन घास कोंबायची. संध्याकाळी पाय असे भरून यायचे का वाटे, इथंच अंग टाकावं. वैताग आला होता जिवाले. पन त्यायले काई बोलली नाई.

माघात एका दुपारी सातव्याले हात लावला आन् चटकाच बसला. भोकात रुई बसलेली, तेल वरच्यावर ओघळलेलं. तिकडं मालकानं भगवंतराव मिस्त्रीले सांगूनही टाकलं, "सारं थंड हाये." मिस्त्रीचा हात मशिनी सुरू करायच्या घंटीकडं गेला. बोलली तर नवऱ्याची अब्रू जाते, नाई बोलली तर वीस जनींचा जीव. मी ओरडलीच, "थांबा! सातवं तापलं हाये!"

मिस्त्रीनं हात लावला आन् झटक्यानं मागं घेतला. "उकंडराव, तुमी पाह्यलं होतं ना?"

मालकानं तेलाची कुप्पी खाली ठेवली. "मले कळत नाई आता, मिस्त्री. पोळ्याच्या सनापासून."

मिस्त्रीनं कुप्पी दुसऱ्याच्या हाती दिली.

घरी जाताना ते पुढं, मी मागं. आता शिव्या देतीन, असंच वाटून राह्यलं होतं. म्हसोबाच्या ओट्यापाशी ते थांबले.

"रोज तेवीस?"

"हाव."

"मंग जेवत कवा होती?"

"उभ्यानं."

"थकली असशीन लय," ते म्हनले.

इतक्या वर्षांत असं मले कोनी म्हनलं नव्हतं. मी तिथंच रस्त्यात बसली आन् पोटभर रडली.