शॉर्टकटमामांची लांबची वाट

आमचे मामा हॉस्पिटलची रुग्णवाहिका चालवतात, आणि हे मी कुणी विचारायची वाट न बघता सांगतो. गल्लीबोळ तोंडपाठ, म्हणून सगळे त्यांना शॉर्टकटमामा म्हणतात. मामी म्हणते, "ह्यांचं चाललं असतं तर पहिला घास सोडून थेट शेवटचाच खाल्ला असता."

असा माणूस एका दुपारी नेहमीच्या गल्लीत घुसला, तर पुढे रस्ता खणलेला. गाडी मागे घेण्यात वेळ गेला आणि आतले पेशंट आजोबा वाटेतच गेले. ते तसेही वाचले नसते, असं डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. पण त्यानंतर किल्ली धरली की मामांचा हात थरथरायचा. "महिनाअखेरपर्यंत बघू," साहेब म्हणाले, "नाहीतर गाडी कायमची दुसऱ्याकडे." तोवर मामा ती नुसती धूत बसायचे. इतकी चकचकीत, की पेशंटला चपला बाहेर काढाव्याशा वाटाव्यात.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या बागेत जायचे. तिथे गुडघाभर झुडपांमधून गोल गोल फिरत मधल्या बाकापर्यंत जाणारी वाट आहे. लोक तिला भूलभुलैया म्हणतात, पण वाट एकच, फाटा नाही. चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. मामा अर्थातच झुडपं ओलांडून सरळ बाकावर. आठवड्यात तिथे खिंडार पडलं.

बाग सांभाळणाऱ्या बाई एक दिवस कात्री घेऊन उभ्या राहिल्या.

"ओ शॉर्टकट! दारातून या."

"बाई, बाक समोर तर दिसतोय!"

"दिसतोय ना? मग तो पळून जात नाही. चाला."

"लांब पडतं हो."

"कुठली गाडी काढायचीय तुम्हाला?"

मामा चिडून चालायला लागले. बाक हाताशी आला असं वाटावं, तोच वाट त्यांना पार बाहेरच्या कडेला नेऊन सोडायची. पहिल्या दिवशी त्यांनी वाटेला शिव्या घातल्या. मग हळूहळू शिव्या कमी झाल्या. खिंडारात त्यांनी स्वतः रोपं लावली. एकदा मी सोबत गेलो तर मागून म्हणाले, "हळू रे. सायरन वाजतोय का तुझ्यामागे?" हे घरी सांगितलं तेव्हा मामीने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

त्याच दिवशी बाकावर मामा आपणहून बोलले. "ती गाडी मागे घेतली ना, तेच डोक्यात रुतून बसलं होतं. इथे रोज जवळ येऊन लांब जावं लागतं. पण वाट चुकलेली नसते." मग पेला काठोकाठ भरला. थेंब सांडला नाही. मी बघत होतो. "काय बघतोस? तहान लागलीय का?"

महिना संपत आला होता. मामा बाकावर होते आणि फाटकावरून वॉचमन ओरडत आला, "कारखान्यात बाई जिन्यावरून पडल्यात! दुसरी गाडी बाहेर गेलीय!"

मामा उठले आणि सवयीने वाटेवरून गोल गोल चालायला लागले.

"अहो, आता काय फेऱ्या मारताय?" बागेच्या बाई किंचाळल्या. "उड्या मारा!"

मामांनी मारल्या. नेमक्या स्वतःच्याच रोपांवर. वॉचमनकडून किल्ली घेतली, हात दगडासारखा स्थिर. निघताना फोनवर विचारलं, "गल्ली मोकळी आहे का?" हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

कारखान्यातल्या त्या बाईंचा पाय आता प्लास्टरमध्ये आहे, पण तोंड मोकळं आहे. गाडी फार हादरत होती, अशी त्यांची तक्रार आहे. मामी ती तक्रार शेजाऱ्यांना अभिमानाने ऐकवते. मीही.

दुसऱ्या दिवशी मामा मोडलेली रोपं लावत होते.

"तुम्हीच म्हणालात, उड्या मारा."

"नव्या रोपांवर मारा म्हणाले होते का?" बागेच्या बाईंनी झारी पुढे केली. "पाणी आणा."

मामा झारी घेऊन निघाले. लांबच्या वाटेनं.