बत्तीस पट लहान डबा

गल्लीत तिला सगळे कवळीवाल्या ताई म्हणत. पस्तीस वर्षं तिने दातांच्या कवळ्या बनवल्या. साच्यात डावं-उजवं उलटं उमटतं, हे ज्याच्या पहिल्या दिवशी लक्षात येत नाही त्याने दुसरा धंदा बघावा, असं ती नव्या कारागिरांना तोंडावर सांगायची. काम सोडल्यावर ती आता विणकाम करेल असं शेजारणींना वाटलं. हिने मागच्या खोलीत प्लायवूड टाकून त्यावर रूळ बसवले.

"या वयात झुकझुकगाडी?" एकीने नाक मुरडलं.

"तुम्ही गुडघे सांभाळा, मी गाडी सांभाळते," ताई म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

वर्षभरात स्टेशन झालं, सिग्नल झाले, मालगाडीचे अकरा डबे झाले. राहिला तो शेवटचा, गार्डाचा. तो मुद्दामच मागे ठेवला होता. तिचे बाबा मालगाडीवर एकतीस वर्षं गार्ड होते आणि घरापेक्षा जास्त त्या डब्यात राहिले होते. आई त्या डब्याला सरळ 'माझी सवत' म्हणायची. लहानपणी ताईलाही त्याचा मनापासून राग होता. बाबा घरी येऊन झोपायचे आणि उठून त्याच्याकडे जायचे. आता साठी ओलांडल्यावर तिला तो डबा हुबेहूब बनवायचा होता. बाबांनी हात लावावा आणि 'हाच माझा' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

हात लावावा, कारण एकोणनव्वद वर्षांच्या बाबांना चार वर्षांपासून दिसत नव्हतं. त्यात साखरेमुळे पाय बधिर झालेले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आज पाय, उद्या बोटं." म्हणजे जे काय करायचं ते लवकर करायला हवं होतं.

त्या जातीचे डबे कधीच भंगारात गेले होते. ट्रंकेत एक निगेटिव्ह सापडली. डब्याच्या मागच्या उघड्या व्हरांड्यात बाबा उभे होते, शेजारी ब्रेकचं चाक. ताईने ती स्कॅन करून मोठी करून घेतली. बाबांची उंची पाच फूट सात इंच, त्यावरून तिने दार मोजलं, फळ्या मोजल्या, छतावरचं शेगडीचं धुराडं मोजलं, भिंतीतून बाहेर फुगलेली गार्डाची खिडकी मोजली. सगळ्याला बत्तीसने भागलं. चाक तिने कवळीच्या तारेचं वळवलं. डबा तयार झाला तेव्हा तिला स्वतःचाच हेवा वाटला.

बाबांनी तो मांडीवर घेतला. बोटं सावकाश फिरली.

"फारच सुबक झालाय गं. कोणाचा आहे?"

"कोणाचा म्हणजे? तुमचा!"

"छे. माझं चाक उजव्या हाताला होतं. हे डावीकडे आहे."

"बाबा, समोर फोटो आहे माझ्या. फोटो काय खोटं बोलतो?"

"फोटोचं मला काय सांगतेस? खांदा माझा दुखतो," बाबांनी उजवा खांदा चोळत म्हटलं. "चाक फिरवून फिरवून उतरलाय हा."

ताई दोन दिवस घुश्शात होती. मग तिने भिंग काढून फोटो नीट पाहिला. बाबांचं घड्याळ उजव्या मनगटावर होतं. शर्टाचा खिसा उजव्या छातीवर. तिने कपाळावर हात मारून घेतला. निगेटिव्ह पालथी ठेवून स्कॅन केली होती, तीही स्वतः तिनेच! ज्या चुकीवरून तिने भलेभले कारागीर रडवले, तीच तिच्या हातून झाली होती.

"चाक तेवढं काढून इकडे लाव," बाबा म्हणाले. "मला चालेल."

"मला नाही चालणार. खिडकीही उलटी झालीय, धुराडंही."

सगळा डबा पुन्हा करायला घेतला. घाईने केला असता तर पंधरा दिवसांत झाला असता. हिने फळीफळीचा कीस काढत दोन महिने घालवले.

दुसरा डबा बाबांच्या हातात दिला तेव्हा दुपार होती. बोटं पुन्हा फिरली, पण या वेळी भराभर, कुठेच न थांबता.

"हं. आता अगदी बरोबर. हे बघ चाक."

बाबांचा अंगठा कोऱ्या फळीवर होता. चाक तिथून चार बोटं लांब.

ताईला कळलं. बोटं गेली होती, आणि ते तिच्यासाठी खोटं बोलत होते. एकतीस वर्षांत ज्यांनी एक खोटा सिग्नल दिला नाही, ते. फळ्या मोजत बसलेल्या स्वतःचा तिला इतका राग आला की रडूही येईना.

मग तिला तिचा धंदा आठवला. कवळीवर केसाएवढा उंचवटा राहिला तर बोटाला पत्ता लागत नाही, ओठाला लगेच कळतो.

"बाबा, ओठ लावा."

"काय?"

"डब्याला ओठ लावा."

"डोकं फिरलंय का तुझं?" असं म्हणत त्यांनी मान खाली केली. तिने डबा धरला आणि हळूहळू सरकवत नेला. खालचा ओठ फळ्यांवरून गेला. एक, दोन, तीन. व्हरांड्याचा कठडा आला. मग चाक. बाबा थांबले. त्यांचा उजवा खांदा आपोआप वर उचलला गेला.

"थांब. मागे घे जरा." ओठ फुगलेल्या खिडकीवर टेकला आणि तिथेच राहिला.

"हाच," ते म्हणाले. "या खिडकीतून आपलं घर दिसायचं. पुलानंतरच्या वळणावर, अगदी क्षणभर. तुम्ही मुलं शाळेत असायचात. दोरीवर तुमचे कपडे वाळत असायचे."

"कधी बोलला नाहीत ते?"

"त्यात काय बोलायचं?" बाबा म्हणाले. "तुझा फ्रॉक दर वर्षी लांब होत गेला, तो मी इथूनच बघितला."