तांब्याच्या रंगाच्या गुलाबाची फांदी

तर बायांनो, सगळ्यात आधी टपकली शेजारची सिंधी भाभी. म्हणे पोहे करायला मदत करते, पण आली होती पाहुण्यांना बघायलाच. आमच्या नातीला, नेहाला बघायला आज बदलापूरची माणसं येणार होती ना!

मुलगा छान बोलला. नेहालाही आवडला, मला कळतं हो. पण त्याची आई गप्प. पोहे झाले, चहा झाला, शब्द नाही.

मग त्या उठून गॅलरीत गेल्या. तिथे रंगाच्या रिकाम्या डब्यात माझा तांब्याच्या रंगाचा गुलाब आजच फुललाय, चहाच्या चोथ्यावर वाढवलेला. "असा रंग पहिल्यांदाच बघते. एक फांदी द्याल, आजी?"

भाभी कात्री घेऊन धावली, "अभी काट के देती हूँ!"

"थांब गं! नुसती फांदी वाटेत सुकेल. मी इथेच मातीत लावते, मूळ धरलं की न्या."

"म्हणजे परत यायला लागणार," म्हणत त्या हसल्या. मी फूल तोडून दिलं, ते त्यांनी नेहाच्या केसांत खोवलं.

फांदी लवकर कशी धरते, सांगा गं कोणीतरी. येत्या रविवारी बघायला येतो म्हणाल्यात.