हमीदची काच

"सुधीरभाऊ, हमीदला गोळी घातली. गेला तो." फरीदावहिनींचा फोन ओहायोतल्या डब्लिनहून आला, तेव्हा मी इकडे टेक्सासमध्ये, फ्रिस्कोत ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभा होतो. त्याला महिना झाला. अजून कुणी मोठ्याने दार आपटलं की माझं डोकं भडकतं... कुणावर भडकायचं, तेच कळत नाही.

हमीद मिरजेचा, पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजातला माझा मित्र. उमेदवारीची वर्षं त्याने जर्मनीत काढली, एका नव्या मशिदीच्या कामावर. तिथल्या लोकांनी आधी जागा नाकारली, मग बांधकामावर दगड मारले. शेवटी म्हाताऱ्या आर्किटेक्टने रस्त्याकडची अख्खी भिंतच काचेची केली. आत काय चालतं ते ट्रामच्या थांब्यावरून दिसू लागलं, आणि हळूहळू दगड थांबले. हमीद त्या काचेच्या प्रेमातच पडला. पुढे ओहायोत लहानशी मशीद बांधायची वेळ आली, तेव्हा त्याने तशीच भिंत काढली. नकाशा बघून मी त्याला झापलं. नमाज पढणाऱ्यांची पाठ रस्त्याकडे, आणि शेवटची रांग बायकांची! "काचेला लागून त्या बसणार, गाढवा!" तो हसला. "फरीदा बसेल की, यार."

न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतरच्या एका शुक्रवारी कुणीतरी पिकअप ट्रक थेट त्या काचेत घातला. काच बायकांच्या अंगावर कोसळली. वहिनींचा गुडघा चिरडला. गालिचा रक्ताने भिजला होता आणि हमीद उघड्या हातांनी काचा उपसत नुसता ओरडत होता, असं नंतर लोकांनी सांगितलं. आठवड्याभरात त्याने विटांच्या भिंतीचं ड्रॉइंग काढलं. वहिनींनी हॉस्पिटलच्या बेडवरच ते टराटरा फाडलं. "पाय माझा मोडलाय. तू कशाला पॅनिक करतोस? काचच लाव."

काच लागली. पण त्यानंतर हमीद जुम्म्याच्या नमाजाला कधी आत गेला नाही. बाहेर लोखंडी खुर्ची टाकून, काचेकडे पाठ करून, रस्त्यावर नजर ठेवून बसायचा. तिथेच चालत्या गाडीतून त्याला मारलं.

दफनानंतरच्या शुक्रवारी मी तिथे होतो. काचेला पडलेल्या भोकावर प्लायवूड ठोकलेलं होतं, कमिटीने विटांची ऑर्डर दिली होती. "भाभी, प्लीज, आज घरी थांबा," अध्यक्ष काकुळतीने म्हणाले. गुडघा वाकत नाही म्हणून वहिनी खुर्चीवर बसूनच नमाज पढतात. बाहेरची ती खुर्ची त्यांनी काठी टेकत आत ओढत नेली आणि शेवटच्या रांगेत, काचेला अगदी चिकटून ठेवली.

"विटा कॅन्सल करा. आणि हे प्लाय काढा."

मी रस्त्यावर उभा राहिलो. मागून गाडी आली की मी वळून बघायचो. वहिनींनी एकदाही मान वळवली नाही.