मायांचा पाटा आणि इराचे प्रश्न

"बाबा, नाही म्हणायचं तर निदान बघून म्हण!" लेकीनं, म्हणजे इरानं, फोनवर असं सुनावलं आणि शनिवारी सकाळी मी एडिसनहून फिलाडेल्फियाला निघालो. तिला कॉम्प्युटर सायन्स सोडून मानववंशशास्त्र घ्यायचं होतं. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांवर संशोधन! जुन्यांवर आणि आत्ताच्यांवरही. तिचं खूळ उतरवायचंच असा चंग बांधून, बायकोनं, मीनलनं, दिलेले धपाटे घेऊन गाडीत बसलो.

टर्नपाइकनं, म्हणजे टोलच्या हायवेनं, दीडेक तास लागतो. पार्किंग मात्र आधीच बुक करा, आयत्या वेळी अक्षरशः लुटतात.

तिच्या विद्यापीठाच्या म्युझियममध्ये माया राजांचे पुरुषभर उंच कोरीव दगड आहेत. मी फोटो काढायला लागलो, तर इरानं थेट मागच्या वर्कशॉपमध्ये नेलं. जुन्या माया घरांतले पाटे कसे झिजले, याचा तिथं अभ्यास चालतो. त्यासाठी मार्ता नावाच्या बाई नव्या पाट्यावर मका वाटून दाखवतात. त्या स्वतः माया, मूळच्या ग्वाटेमालाच्या, आता इथंच राहतात. चेहरा इतका हसरा, की मी त्यांना मावशीच करून टाकलं.

"अरे, हा तर आपला पाटा!" म्हणत मी ऐटीत मांडी ठोकली. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका घेतला, वरवंटा दाबला आणि सगळा लगदा घसरून माझ्या पँटवर! त्यांचा पाटा उतरता असतो, गुडघे टेकून वाटायचं असतं. मावशी पोट धरून हसल्या आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या.

"She's asking, तुमच्या घरी कोण वाटायचं?" इरानं सांगितलं.

"आई. आणि वरवंट्याला आम्ही बारशाला टोपडं घालून पाळण्यात ठेवतो, सांग त्यांना."

"Wait, what? माझ्या बारशाला पण?"

"तेव्हा इथं वरवंटा कुठला? खलबत्त्यातला बत्ता गुंडाळला होता."

इरानं स्टूल ओढलं. बत्ता कुणाला सुचला? आजी रागावली का? बाळाबरोबर दगड कशाला? मी बोलतच सुटलो. एरवी माझं वाक्य तोडणारी कार्टी शांतपणे ऐकत होती, मध्येच माझं मावशींना सांगत होती, त्यांचं मला. वाटताना आई कशी गुणगुणायची हे तर मी गुणगुणूनच दाखवलं. इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं.

जेवायला मावशींचे वाटलेल्या मक्याचे, कणसाच्या पानात वाफवलेले तमाले आणि आपले धपाटे. शहरात कुठेही तमाले दिसले तर सोडू नका.

गाडीपाशी इरानं विचारलं, "So? नाही?"

"घे बाई तुझं मानववंशशास्त्र!"

ती गळ्यातच पडली.

घरी मीनल वाटच बघत होती. "पटवलंस का तिला?"

"छे! तिनंच मला बोलतं केलं." मग सगळं सांगितलं. राजांचे दगड धड पाहिलेच नव्हते, पण त्याचं काही वाटत नव्हतं. पोरीला तिचं काम उत्तम येतं, एवढं मात्र पक्कं कळलं होतं.

मीनलनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बत्त्याचं टोपडं मी शिवलं होतं. मला कधी विचारणार ती?"