चुकीचं बोल

“चुकीचं बोल,” इंग्रजीच्या मॅडम म्हणाल्या. “‘आय इज’ म्हण. अडखळत म्हण.”

कॉलेजच्या कॉम्प्युटर रूममध्ये कॅमेरा लावलेला. माझ्या अंगावर आईचा फेटिया, आमच्या बंजारा बायांचा आरशांचा घागरा. बाजूच्या खुर्चीवर माझा ड्रेस घडी करून ठेवलेला. आधी फेटियात चुकीचं बोलायचं. मग ड्रेस घालून नीट बोलायचं. ऑनलाइन इंग्रजीच्या कोर्सनं मुलगी कशी बदलते, त्याची फिल्म.

मी फुलसावंगीकडच्या तांड्यावरची. यवतमाळला बीए करत होते. घरी गोरबोली, शाळेत मराठी. इंग्रजी दहावीपासून मोबाईलवर घासली. त्या साली बोंडअळीनं कापूस पोखरला होता. हिरवं बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. सुटीत आईसोबत तो किडका कापूस वेचताना एका कानात कोर्सचे धडे चालू असायचे. रेंज शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या बाभळीखालीच यायची. तिथं उभी राहून मोठ्यानं बोलायची. बाया हसायच्या. हसू देत.

कोर्समध्ये मी कॉलेजात पहिली आले. म्हणून मॅडमनी मला निवडलं. “आईलाही आण. तुमच्या वेशात,” म्हणाल्या. आईला वाटलं, सत्कार आहे. तिनं पेटीतला लग्नाचा फेटिया माझ्यासाठी काढला. दोन एसट्या बदलून आली.

“मॅडम, मले दहावीपासून नीट बोलता येते,” मी म्हणलं.

“अगं, फरक दिसायला पाहिजे ना!”

मी म्हणलं. ‘आय इज.’ दोनदा. दुसऱ्यांदा मान खाली घालून, कारण त्यांनी सांगितलं, अजून घाबरल्यासारखं कर. कॅमेरावाला हसला. वर्गातल्या शहरातल्या दोन पोरी हसल्या. मला मार्क हवे होते. मी केलं. ते मी लपवत नाही.

मग मॅडमनी आईच्या हातात मोबाईल दिला. उलटा.

“मावशी, असाच कानाला लावा. आणि हॅलो हॅलो म्हणा.”

आई रोज माझ्याशी मोबाईलवर बोलते. तिला उलटा-सुलटा कळतो. पण ती म्हणाली, “तुमी सांगान तसं करतो जी.” तिनं मोबाईल उलटा धरला. हॅलो हॅलो म्हणाली. सगळे हसले. ते खूश आहेत असं समजून आईही हसली. जोरानं हसली.

“वा! शिकवावंसुद्धा लागलं नाही,” मॅडम म्हणाल्या.

मी जाऊन कॅमेऱ्यावर हात ठेवला. इंग्रजीतच बोलले. “स्टॉप धिस. शी इज माय मदर. यू विल नॉट लाफ अ‍ॅट हर.”

एक शब्द अडखळला नाही.

मॅडमनी कॅमेरावाल्याकडे पाहिलं. “हे नको घेऊस. फेटियात इतकं चांगलं नाही चालणार.”

मी खुर्चीवरचा ड्रेस काखेत मारला. “याडी, चाल,” म्हणलं. आई गोंधळून उठली. मागून आवाज आला, “इंटर्नलचे मार्क माझ्याकडे आहेत, लक्षात ठेव.” मी फेटियातच स्टँडवर चालत गेले.

एसटीत आईनं विचारलं, सत्कार कधी आहे? मी खरं सांगितलं. ते काहून हसत होते, सगळं सांगितलं. तिनं डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढली. तांडा येईपर्यंत काढली नाही. त्यानंतर ती यवतमाळला आली नाही.

फिल्म आलीच. माझं चुकीचं बोलणं आहे. आईचा उलटा मोबाईल आहे. नीट बोलायला त्यांनी हसणाऱ्या दोघींपैकी एक उभी केली. नव्या पोरांना प्रवेशाच्या वेळी दाखवली. पोरं हसली. मला इंटर्नलला नापास केलं.

मी प्राचार्यांना इंग्रजीत अर्ज दिला. त्यांनी तो वाचला, म्हणाले, “चांगलं लिहितेस. कशाला वाढवते? मॅडमचा हेतू चांगला होता.”

“हेतू तुमच्यापाशी ठेवा सर,” मी म्हणलं. “फिल्म काढा. आणि मॅडमनं तांड्यावर यावं. माह्या मायसमोर उभं राहून सांगावं, आम्ही खोटं दाखवलं.”

ते हसले. मला बाहेर जायला सांगितलं.

आजवर सहा अर्ज झाले. सोमवारी सातवा देणार. ते फाडतील. मी आठवा लिहीन. मार्क गेले, वर्ष गेलं तरी मागं हटणार नाही. मॅडमला तांड्यावर यावंच लागेल.