लिमात मी कुठं कुठं जेवलो

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. बायकोलासुद्धा न्हाई. तुमाला सांगतोय, कारण तुमी आमच्या नेकनूरकडचे न्हाई अन् राधावहिनीला ओळखत न्हाई.

लिमा — पेरू देशाची राजधानी, दक्षिण अमेरिकेतली. तिथं कुठं जेवावं, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. समुद्राच्या कडंला निळ्या दाराची खानावळ हाय. लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, वर कांदा. मंडईच्या मागं निखाऱ्यावरची कोंबडी. चिन्यांच्या गल्लीत परतलेला भात — लई झ्याक. बीडच्या माणसाला हे कसं ठाऊक? तेच तर सांगायचंय.

आमच्या दूध संस्थेनं मला धाडलं होतं. त्या साली विहिरी तळाला गेलत्या, कडबा कुठं दिसंना. लिमाकडं पाऊस जवळजवळ पडतच न्हाई, तरी डोंगरातले लोक बिनकाट्याचा निवडुंग लावून जनावरं जगवतात, असं कळलं होतं. दौऱ्यात गावातनं एकच जागा. मी सेक्रेटरी, वर बोलका — माझंच नाव निघालं. राधावहिनी म्हणजे शेजारच्या चुलतभावाची बायको. दावणीला दोन म्हशी, घर त्यांच्यावरच. निघताना एवढंच म्हणाली, "भाऊजी, सोताच्या डोळ्यानं बघून या. तुमी म्हणाल तर मी लावते."

शेवटच्या दिवशी तो निवडुंग बघायला डोंगरात जायचं होतं. मी सांगितलं, पोट बिघडलंय. बिघडलं नव्हतं. मग काय होतं? — चार तासांची उन्हातली वाट नको वाटली, अन् त्या निळ्या दारात अजून एकदा बसायचं होतं. दुपारभर बसलो. मासा दोनदा मागवला.

परत आल्यावर सभा भरली. आमच्याकडं ज्यानं बघितलं त्याच्यावर दुसरा कुणी बोलत न्हाई. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी गेलोच न्हाई — एवढं म्हणायला काय लागत होतं? लावा म्हणावं, तर लोक विचारणार, किती अंतरावर लावायचा, कधी कापायचा, म्हैस खाती का. नको म्हटलं की प्रश्नच संपले.

"बघितला मी," म्हणालो. "आपल्या मातीत न्हाई जमणार."

विषय मिटला. वर हेही सांगून टाकलं, की तिकडं आपल्यासारखं खायला मिळालं न्हाई, उपाशीच दिवस काढले. कशाला सांगितलं? कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी वहिनी ताट घेऊन आली. भाकरी, पिठलं, वाटीभर दूध. एक म्हैस आटलेली, दुसरी आटायला आलेली. लई वाळलाव भाऊजी, म्हणाली. वाळलो? माझी पँट कंबरेला बसत नव्हती! ती समोर बसून राहिली. मी सगळं खाल्लं, दूधबी प्यालो.

महिन्याभरात दोन्ही म्हशी बाजारात गेल्या. नवराबायको ऊसतोडीला गेली, ती अजून दर साली जातात. संस्थेला कुलूप लागलं. आमच्याच जिल्ह्यात, दिंद्रुडकडं एकाच्या बांधावर तोच निवडुंग उभा हाय, एसटीतनं दिसतो. त्याच्या म्हशी खातात.

परवा वहिनी तोडीला निघाली, तर दारात थांबली. म्हणाली, "भाऊजी, तुमी बघून आलाव म्हणून बरं झालं. न्हाईतर आमी फुकट राबलो असतो."

मी मान डोलावली.